भोकाचं नाणं मोडीत जाऊ देऊ नका
महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्यांना एका सराफाचं खुलं पत्र

सन्माननीय सदस्यहो, सविनय नमस्कार.

मी गोदाकाठच्या एका तालुक्याच्या गावी सराफी करतो. आजोबांनी ओट्यावर बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी, मांडून धंदा सुरू केला, वडिलांनी दुकान बांधलं, आता मी बसतो. मी कायदा शिकलेलो नाही आणि इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. तरीही हे पत्र तुम्हाला आणि सगळ्यांसमोर लिहितो आहे. गेल्या पावसाळ्यात एका म्हाताऱ्या बाईला मी "सरकारदरबारी जा, तेच बरोबर आहे" असा सल्ला दिला. त्या सल्ल्याचं जे झालं ते गप्प राहून पचवणं मला जमत नाही.

आजी दुसऱ्याच्या रानात रोजानं जातात. गावच्या पांढरीला लागून असलेल्या वावरात खुरपताना त्यांच्या खुरप्याला काहीतरी लागलं. पांढरी म्हणजे काय हे तुमच्यापैकी निम्म्यांना तरी सांगायला नको. जुन्या वस्तीचं ते टेकाड, पहिल्या पावसात धुपलं की मणी, खापरं, बांगड्यांचे तुकडे वर येतात, आणि कधीतरी एखादं नाणं. आजींना सापडलं ते चांदीचं होतं. मातीनं काळं पडलेलं, कडेजवळ एक भोक. लुगड्याच्या गाठीतून सोडून त्यांनी ते माझ्या काट्यावर ठेवलं. १०.४ ग्रॅम भरलं. "मोडीत घे," म्हणाल्या.

मी घेतलं नाही. जुनं नाणं आहे, जमिनीत सापडलंय, तहसीलला कळवा असं सांगितलं आणि अर्जही लिहून दिला.

पहिल्या दिवशी टेबलावरच्या माणसानं नाणं हातात फिरवलं आणि परत दिलं. एकच आहे, त्यातही भोक पडलेलं, याचं काय करायचं? दुसऱ्या खेपेला दुसऱ्या खोलीत त्यांना दोन तास बसवून ठेवलं. खड्डा कुणी खणला, बाकीचं धन कुठे ठेवलंय, सोबत कोण होतं, असं विचारत राहिले. तिसऱ्या दिवशी आजी दुकानात आल्या, नाणं काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "आटव लेका. नको मला हे घरात." तीन दिवसांचा रोज बुडाला होता आणि गावात गुप्तधनाची कुजबूज सुरू झाली होती ती वेगळीच.

मग मी एका वस्तुसंग्रहालयाला दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि माप पाठवलं. दीड महिन्यानं दोन ओळींचं उत्तर आलं. भोक पडलेली, खराब नाणी संग्रहासाठी घेतली जात नाहीत.

हे नाणं काय आहे ते सांगतो. उर्दूचे एक निवृत्त शिक्षक माझे शेजारी आहेत, त्यांनी भिंगाखाली ठेवून वाचलं. एका बाजूला मुहम्मद शाह आणि बापाचं नाव बहमन शाह. म्हणजे बहमनी घराण्यातला दुसरा सुलतान पहिला मुहम्मद, राज्यकाळ १३५८ ते १३७५, त्याचा चांदीचा टंका. साल कडेच्या मजकुरात असायला हवं होतं, भोक नेमकं तिथेच पडल्यामुळे ते गेलं.

मला नाव ऐकूनच अंगावर काटा आला. या सुलतानाची एक हकीकत विजापूरच्या दरबारात बसून फिरिश्ता या इतिहासकारानं लिहून ठेवली आहे, घटनेनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी. दख्खनमधले सराफ बहमनी नाणी हाती आली की आटवून टाकत, विजयनगरच्या होनांचंच चलन राहावं म्हणून. ताकीद देऊनही ते थांबेनात, तेव्हा १३६० च्या सुमारास सुलतानानं त्यांची कत्तल करवली. फिरिश्ताच्या आकड्यांवर आणि हेतूंवर किती विश्वास ठेवायचा हे विद्वानांनी ठरवावं. पण माझ्या धंद्यातल्या माणसांनी ज्या नाण्यासाठी जीव गमावले असं सांगतात, त्या नाण्यांपैकी एक मुशीतून सुटलं, कुणाच्या तरी गळ्यात गेलं, मातीत पडलं, साडेसहाशे वर्षं राहिलं आणि परत एका सोनाराच्या काउंटरवर आलं. आणि आपल्या सगळ्या व्यवस्थेनं मिळून त्याला एकच गोष्ट सांगितली: आटव.

आता भोकाविषयी, कारण सगळं त्या भोकावर अडलं आहे.

नाण्याला भोक पडतं तेव्हा ते बाजारातून निघून घरात आलेलं असतं. कुणीतरी ठरवलेलं असतं की हे खर्चायचं नाही, अंगावर घालायचं. पोराच्या गळ्यात, सुनेच्या माळेत, बैलाच्या नाही तर देवाच्या कंठात. टाकसाळीनं नाणं कधी पाडलं हे त्यावरच्या अक्षरांतून कळतं. ते कुणी, कसं जपलं हे फक्त भोकातून कळतं, आणि त्या माणसांविषयी दुसरा कुठलाही कागद नाही. ना तवारीख, ना बखर, ना ताम्रपट.

आणि भोक वाचता येतं. आम्ही सोनार रोज वेज पाडतो, म्हणून सांगतो. खिळ्यानं ठोकून पाडलं तर ज्या बाजूनं खिळा बाहेर पडला त्या बाजूला धातूची कड उचललेली राहते, त्यावरून कुठली बाजू समोर धरून काम केलं ते समजतं. गिरमिटानं पाडलेलं भोक आतून गुळगुळीत असतं. दोरा किंवा तार वर्षानुवर्षं ओढत राहिली की भोक वरच्या अंगाला झिजून लांबट होतं. तसं झिजलेलं असेल तर ते नाणं खरोखर घातलं गेलं होतं, नुसतं भोक पाडून ठेवलं नव्हतं. जवळजवळ दोन भोकं असतील तर बहुधा कापडावर शिवलेलं. डाखाचा, म्हणजे धातूच्या जोडाचा, ठिपका राहिला असेल तर कधीतरी त्याला कडी होती. एक बाजू जास्त घासलेली असेल तर ती बहुधा छातीला लागत होती.

आजींच्या नाण्याचं भोक वर धरून ते लटकवलं तर अक्षरं उलटी येतात. ज्यानं ते गळ्यात घातलं त्याला ती लिपी वाचता येत नव्हती, किंवा वाचण्यासाठी त्यानं ते घातलंच नव्हतं. मला वाटतं पहिलं खरं असावं. कधीकाळी गोदाकाठच्या खेड्यातल्या एका घरात राजाचं नाणं कसं दिसत होतं, याविषयी एवढं तरी ते भोक सांगतं. वस्तुसंग्रहालयातल्या चांगल्या प्रतीच्या टंक्यांना ते सांगता येणार नाही, कारण ते कुणाच्या गळ्यात गेलेच नाहीत.

आपल्याकडे ही चाल किती खोलवर आहे ते दागिन्यांची नावंच सांगतात. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात व्हेनिसचा डुकाट. त्यावर उभा असलेला संत मार्क आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख आपल्या बायांनी पुतळ्या म्हणून ओळखला आणि माळेत ओवला. अकबराच्या चौकोनी रुपयांवर चार खलिफांची नावं आहेत, ते ताईत म्हणून इतके वापरले गेले की ताइतासाठीच त्यांच्या नकला पाडल्या गेल्या. सातपुड्यातल्या आणि बंजारा तांड्यांवरच्या म्हाताऱ्या बायांच्या गळ्यात राणीछाप रुपये मी स्वतः पाहिले आहेत, कडी बसवायचं कामही केलं आहे. मध्ययुगातलं भोकाचं नाणं याच माळेचा जुना मणी आहे.

माझ्याकडे एक वही आहे. गेल्या तेवीस वर्षांत मोडीला आलेल्या, भोक असलेल्या जुन्या नाण्यांची नोंद मी तिच्यात करतो. आधी नुसती नाण्यावर कागद ठेवून पेन्सिलनं घासून घेतलेली छाप, पुढे मोबाइलचे फोटो. एकतीस नाणी झाली. त्यांत मोगल रुपये सर्वांत जास्त, दोन-तीन बहमनी, एक जाडजूड छोटा गधैया (हेही जुन्या काळचं एक नाणं), बाकी न वाचता आलेली. मोगल रुपयाचं एक वैशिष्ट्य वहीमुळे माझ्या ध्यानात आलं. त्याचा ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे मजकूर सगळा उठतच नाही, आणि गाव किंवा साल पुष्कळदा कडेलाच अर्धवट राहतं. भोक पाडणारा कडेलाच पाडतो. म्हणून अशी नाणी वाचायला अवघड, म्हणून संग्राहकांना नकोशी.

या एकतीस नाण्यांपैकी बावीस माझ्याच मुशीत आटली. हे मी लपवत नाही. आणलेल्या माणसाला पैसे हवे होते, मला ठेवून घ्यायचा अधिकार नव्हता आणि पाठवायला जागा नव्हती. सुरुवातीच्या काळात एका नाणे-व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून चार नाण्यांची भोकं मी चांदीनं बुजवूनही दिली, घासून अशी की कुणाला कळू नये. भोक बुजलं की किंमत वाढते. आज मी ते काम करत नाही, पण जिल्ह्यात करणारे आहेत आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. भोक म्हणजे खोट, असंच सगळे त्यांना सांगत आले आहेत.

आता कायद्याकडे येतो, कारण तुमच्या हातात तो आहे.

जमिनीत सापडलेल्या अशा वस्तूंना आजही भारतीय निखात निधी अधिनियम लागू होतो, साल १८७८. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. शिवाय ती कोषागारात जमा करायची किंवा तारण द्यायचं. कळवलं नाही तर तुमचा हिस्सा सरकारजमा आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

माझी पहिली तक्रार त्या दहा रुपयांबद्दल आहे. १८७८ साली दहा रुपये म्हणजे चांदीचे दहा रुपये, प्रत्येकी एक तोळ्याचे, मिळून एकशे सोळा ग्रॅमच्या वर वजन. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हंडा होता, निदान मूठभर नाणी होती. वावरात सापडलेलं एकटं चांदीचं नाणं त्या आकड्याच्या आसपासही जात नव्हतं. आकडा तसाच राहिला आणि रुपया कागदाचा झाला. आज एका नाण्यातली चांदीच हजार रुपयांच्या पुढे आहे. म्हणजे ज्या शेतमजूर बाईला १८७८ च्या इंग्रज सरकारनं मोकळं सोडलं असतं, तिला आपण तुरुंगाची भीती घालतो आहोत. हे कुणी मुद्दाम ठरवलेलं नाही, कुणी पाहिलंच नाही एवढंच.

दुसरं, कायदा "दडवलेल्या" संपत्तीचा विचार करतो आणि त्याची सगळी पद्धत त्यासाठी आहे: नोटीस काढा, मालकी सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांच्या मुदतीनं बोलवा, वारस शोधा. भोकाचं नाणं कुणी दडवत नाही. दोरा तुटतो आणि ते पडतं. म्हणून ते जवळजवळ नेहमी एकटं सापडतं, ज्या वस्तीत कुणी राहत होतं तिथेच, आणि म्हणून कुठे सापडलं ही माहिती हंड्यापेक्षाही मोलाची असते. हंडा कुणीतरी कुठूनही आणून पुरतो. गळ्यातून पडलेलं नाणं माणूस जिथे वावरत होता तिथेच पडतं. हे पडलेलं नाणं "दडलेलं" म्हणायचं का, यावर आजींच्या वेळी तहसीलमध्ये दोन टेबलांवर दोन उत्तरं मिळाली. एकानं कायदा लागूच नाही म्हटलं, दुसऱ्यानं गुन्हेगारासारखं बसवून ठेवलं.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती मी सराफ म्हणून सांगतो. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर कायद्यानं द्यायची रक्कम ठरलेली आहे: धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. हिशेब सोपा पडावा म्हणून चांदी किलोला एक लाख धरू, हल्ली ती त्याहून वरच असते. आजींच्या नाण्याचे १,०४० रुपये, पाचवा हिस्सा २०८, एकूण १,२४८. आपसांत करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमिनीच्या मालकाला. म्हणजे आजींना ९३६ रुपये, तेही कित्येक महिन्यांनी, खेटे घालून. माझ्या काउंटरवर त्याच दिवशी, कुठलाही प्रश्न न विचारता, हजाराच्या आसपास मिळतात. सांगा, कोण कुठे जाईल? भाव असा चढता असताना रोज काय काय आटत असेल याचा विचार करून मला झोप येत नाही.

चौथी तक्रार थोडक्यात सांगतो. अशी नाणी नोंदवण्याची जागाच नाही. सरकारनं ठेवून घ्यायचं की नाही हा पुढचा प्रश्न. नुसती नोंद करून परत देण्याची सोय तालुक्यात नाही, आमच्यासारख्याला माहीत असलेली जिल्ह्यातही नाही. ज्यांना जाण आहे अशा माणसांची आणि संस्थांची महाराष्ट्रात वानवा नाही. नाशिकजवळ अंजनेरीला परमेश्वरीलाल गुप्तांसारख्या पंडितानं उभारलेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. जाणकार एका टोकाला आणि पांढरीत खुरपणारी बाई दुसऱ्या टोकाला, मध्ये रस्ता नाही. त्या रस्त्यावर आज उभे आहोत ते आम्ही, मूस घेऊन.

हे जमण्यासारखं आहे का, असं कुणी विचारेल. इंग्लंडचं उदाहरण देतो, कारण आपला हा कायदा त्यांच्याच राज्यात झाला आणि त्यांनी स्वतःच्या घरचा कायदा केव्हाच बदलला. तिथला नवा कायदा १९९६ चा, अंमल सप्टेंबर १९९७ पासून. एकटं नाणं तिथे सहसा निधी ठरत नाही, पण भोक पाडून किंवा कडी लावून त्याचा दागिना केला असेल, ते तीनशे वर्षांपेक्षा जुनं असेल आणि त्यात दहा टक्के तरी सोनं-चांदी असेल, तर ते दागिना म्हणून कायद्यात येतं. म्हणजे आपण ज्या भोकासाठी नाणं परत पाठवतो, त्याच भोकासाठी ते लोक त्याची दखल घेतात. मोबदला बाजारभावानं ठरतो, आणि साधारणपणे सापडवणारा व जमीनमालक तो निम्मा निम्मा घेतात. यापलीकडे कायद्यात न बसणाऱ्या वस्तूंसाठी ऐच्छिक नोंदणीची योजना आहे, ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली, जागोजागी नेमलेल्या माणसांमार्फत. लोक वस्तू घेऊन येतात, माणूस फोटो काढतो, वजन करतो, जागा लिहून घेतो आणि वस्तू परत देतो. आजवर पंधरा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे. या नोंदींतून तिथल्या अभ्यासकांच्या लक्षात आलं की अकराव्या-बाराव्या शतकात चांदीच्या पेनीला मुलामा देऊन, पिना लावून तिचा दागिना करताना क्रुसाची बाजू दर्शनी ठेवत आणि राजाचं तोंड मागे जाई. एखाद-दुसऱ्या नाण्यावरून हे कधीच कळलं नसतं. आपल्याकडेही असं काहीतरी असेल. माझ्या वहीतल्या एकतीस नोंदींवरून ते सांगता येत नाही, तीन हजारांवरून येईल.

इथे एक गैरसमज आधीच दूर करतो. मेटल डिटेक्टर घेऊन टेकाडं उकरायची मोकळीक मी मागत नाही, तिला माझा विरोध आहे. गुप्तधनाच्या नादानं आपल्याकडे काय काय घडलं आहे ते सभागृहाला माहीत आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यासाठी होणारे अघोरी प्रकार गुन्हा ठरवावे लागले. मी बोलतो आहे ते नांगराला, खुरप्याला, शेततळ्याच्या जेसीबीला आणि घरकुलाच्या पायाला आपोआप लागलेल्या वस्तूंविषयी.

आणि हे काम दिल्लीचं आहे असं म्हणून बाजूला ठेवू नका. निखात निधी हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत आहे, नोंद क्रमांक ४४. बदल याच विधिमंडळात होऊ शकतो.

म्हणून माझ्या मागण्या.

दहा रुपयांची मर्यादा काढा आणि एकट्या सापडलेल्या नाण्यासाठी वेगळी, साधी तरतूद करा. त्यात कैद नको, चार-सहा महिन्यांच्या नोटिसा नकोत. पंधरा-वीस दिवसांत कळवलं आणि दाखवलं की माणूस मोकळा झाला पाहिजे.

प्रत्येक तालुक्याला महिन्यातून एक दिवस तरी नोंदणीचा ठेवा. नवी इमारत नको. ग्रामपंचायत, वाचनालय, शाळा, कुठेही बसता येईल. दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, भोक कुठे, किती, कोणत्या बाजूनं पाडलेलं, झिजलेलं की नाही, कडी किंवा डाख आहे का, गाव आणि गट क्रमांक. पंधरा मिनिटांचं काम आहे. नोंद झाली की नाणं परत द्या आणि सोबत शिक्क्याची पावती द्या, म्हणजे त्या माणसाला पोलिसांची आणि आम्हा सराफांना चोरीचा माल घेतल्याच्या आळाची भीती राहणार नाही. गट क्रमांक मात्र जाहीर करू नका. तो बाहेर फुटला की रात्रीत पांढरी खणली जाते.

सरकारला नाणं हवं असेल तर किंमत जाणकारांच्या समितीनं बाजारभावानं ठरवावी, चांदीच्या वजनावर नाही. शेतमजुराचा हिस्सा थेट त्याच्या खात्यात जावा. मालकाच्या मार्फत नको, खेड्यात त्याचा अर्थ काय होतो ते तुम्ही जाणता.

सरकारी मदत घेणाऱ्या वस्तुसंग्रहालयांना सांगा की भोक आहे म्हणून नाणं नाकारायचं नाही. ठेवायला जागा नसेल तर नोंद करून परत द्या, पण "खराब" हा शेरा मारू नका. प्रत्येक जिल्ह्याच्या दालनात अशा नाण्यांचा एक कप्पा असावा असं मला मनापासून वाटतं. शाळेची पोरं तिथे थांबतील, कारण त्यांच्या आजीच्या गळ्यात तसंच काहीतरी आहे.

ज्यांच्या घरी आधीच अशी नाणी आहेत आणि जे भीतीनं गप्प आहेत त्यांना एक वर्षाची मुदत द्या, कारवाई न करता नोंद करून घेण्याची.

शेवटची मागणी माझ्याच धंद्यावर बंधन घालणारी आहे आणि ती मी विचार करून करतो आहे. मोडीला आलेलं जुनं नाणं सराफानं सात दिवस आटवू नये आणि त्याचे फोटो तालुक्याच्या नोंदीला पाठवावेत, असा नियम करा. गिऱ्हाइकाला पैसे त्याच दिवशी मिळावेत. आमचे आठवडाभर पैसे अडकतील, ते आम्ही सोसू. माझ्या सराफ बांधवांपैकी काही जण या ओळीवर चिडतील. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की तोवर निदान मुशीत टाकण्याआधी फोनवर दोन फोटो काढा, एक इकडून, एक तिकडून, आणि आणणाऱ्याला गाव विचारा. नाणं गेलं तरी तेवढं राहील.

माझी वही कुणाही जबाबदार माणसानं मागितली तर तिची प्रत मी पाठवीन. आटवलेल्या बावीस नाण्यांच्या नोंदीही तिच्यात आहेत, झाकलेलं काही नाही.

आजींचं नाणं मी आटवलं नाही. विकतही घेतलं नाही, कारण मग ते माझं झालं असतं. त्यांच्याच नातवाच्या हाती कागदात गुंडाळून परत दिलं, कागदावर तारीख, वजन, वावराची खूण आणि "भोक वर धरले असता अक्षरे उलटी" एवढं लिहून दिलं. नातू म्हणतो, आजीनं ते देव्हाऱ्यात टाकांच्या मागे ठेवलंय आणि रोज विचारते, सोनारानं काही कळवलं का. चांदीचा भाव त्यांच्या कानावर येतोच, घरात दवाखाना चालू आहे, त्यामुळे ते तिथे किती दिवस राहील हे मी सांगू शकत नाही. ते कुणाला दाखवायचं, कुठे न्यायचं, आणि तिथे आजींना कुणी चोर म्हणणार नाही याची हमी कोण देईल, एवढं तरी येत्या अधिवेशनाच्या आत कळवावं.

आपला,
गोदाकाठचा एक सराफ